दुर्वासांचा शाप वगळला, तर शाकुंतलातील प्रेमाचे काय होते?

गोदातीर

आमच्या लहानशा वाचनगटात सध्या महाभारताचे आदिपर्व वाचले जात आहे. गेल्या रविवारी शकुंतलोपाख्यान झाले आणि बहुतेक जण काहीसे अस्वस्थ होऊनच घरी गेले. आम्हां सर्वांना ठाऊक असलेली शकुंतला ही कालिदासाची होती. खरे सांगायचे तर शाळेतल्या धड्यातली आणि अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आणलेल्या ‘संगीत शाकुंतल’मधून घरोघरी पोहोचलेली. अंगठी हरवते, राजा विसरतो, अंगठी सापडते, राजाला आठवते. व्यासांच्या कथेत मात्र अंगठी नाही, मासा नाही, कोळी नाही आणि ‘ज्याच्या ध्यानात तू आहेस तो तुला विसरेल’ असा शाप देणारे दुर्वासही नाहीत.

तिथे घडते ते असे. गांधर्वविवाहाला संमती देण्यापूर्वीच शकुंतला अट घालते, की तिच्या पोटी येणारा मुलगाच युवराज झाला पाहिजे. राजा ती मान्य करतो, तुला नेण्यासाठी सैन्य पाठवतो असे सांगून निघून जातो आणि सैन्य कधीच येत नाही. मुलगा आश्रमात वाढतो, सहा वर्षांचा होतो, वाघ-सिंहांना झाडांना बांधून ठेवू लागतो, तेव्हा कुठे कण्व मायलेकरांची हस्तिनापुरास रवानगी करतात. दरबारात दुष्यंत तिला ओळखतो. त्याबद्दल व्यासांनी शंकेला जागाच ठेवलेली नाही: ‘राजा स्मरन्नपि अब्रवीन्न स्मरामीति’, म्हणजे आठवत असूनही ‘मला आठवत नाही’ असे तो म्हणाला, आणि वर तिला ‘दुष्ट तापसी’ म्हणाला. त्यावर शकुंतला रडत बसत नाही. दुसऱ्याचे मोहरीएवढे दोष तुला दिसतात आणि स्वतःचे बेलफळाएवढे दोष दिसत असूनही दिसत नाहीत, असे ती त्याला भर सभेत सुनावते. अखेर आकाशवाणी होते, मग राजा सांगतो की मला सर्व माहीत होते, परंतु केवळ हिच्या शब्दावर स्वीकार केला असता तर लोकांनी शंका घेतली असती. याहून कहर म्हणजे रागाच्या भरात तू जे कठोर बोललीस त्याबद्दल मी तुला क्षमा केली आहे, असेही तो तिला ऐकवतो.

माझा प्रश्न असा, की कालिदासाने शाप आणला तो राजाची अब्रू वाचवण्यासाठी का? आणि त्याला जोडून दुसरा, थोडा पसरट प्रश्न. प्रेमकथेत अडचण येते तेव्हा ती बाहेरून आली असे दाखवणे, मग तो शाप असो, घराणे असो, जात असो किंवा परिस्थिती असो, ही लेखकाने प्रेमिकांना दिलेली सवलत असते असे मला वाटू लागले आहे. अशी सवलत ज्यांनी नाकारली, असे लेखक आणि अशा कृती तुम्हांला कोणत्या आठवतात? मराठीतील उदाहरणे मिळाली तर अधिक आनंद होईल, परंतु तेवढाच आग्रह नाही.

जुनी_टिपणवही

आयुष्याची बरीच वर्षे हे नाटक विद्यार्थ्यांना शिकवण्यात गेल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो, त्याबद्दल क्षमा असावी. आपला प्रश्न योग्य आहे, परंतु त्यात दडलेले उत्तर घाईचे आहे. शाप आणून कालिदासाने राजाला सोडवले, असे पुष्कळांचे मत असते आणि नाटक एकदाच वाचणाऱ्याचे ते तसेच होते.

पाचव्या अंकाचा आरंभ पुन्हा पाहावा. शकुंतला अजून दरबारात पोहोचलेलीही नाही. पडद्यामागून हंसपदिका नावाची राणी गाते: हे भ्रमरा, आंब्याच्या मोहराचे तसे चुंबन घेऊन आता कमळात नुसते राहायला मिळाले तेवढ्यावर तू त्याला विसरलास कसा? राजाला टोमणा कळतो. तो विदूषकाला सांगतो, की या स्त्रीवर मी एकदाच प्रेम केले आणि आता वसुमती राणीवरून ती मला बोल लावते आहे. विदूषकाला तिची समजूत घालायला पाठवून तो मोकळा होतो. आता मला सांगा, हंसपदिकेला विसरण्यासाठी कोणत्या दुर्वासांनी शाप दिला होता? कवीने शापित विस्मरणाच्या अगदी शेजारी सवयीचे विस्मरण मांडून ठेवले आहे आणि दोन्हींकडे पाहा, एवढेच तो सुचवतो.

त्याच्याही आधी, दुसऱ्या अंकाच्या शेवटी, राजा विदूषकाला राजधानीकडे परत पाठवताना म्हणतो, की शकुंतलेबद्दल मी बोललो ती सगळी थट्टा होती, ती खरी मानू नकोस. कारण हा बडबड्या अंतःपुरात जाऊन काही बोलेल, अशी त्याला धास्ती आहे. म्हणजे या प्रेमाचा जो एकमेव साक्षीदार राजाच्या बाजूला होता, त्याला राजाने स्वतःच्या तोंडाने खोटे सांगून बाद केले, तेही शुद्धीवर असताना. पुढे सहाव्या अंकात पश्चात्तापाने होरपळणारा राजा विदूषकाला विचारतो, की तू तरी मला आठवण का करून दिली नाहीस. विदूषक उत्तर देतो, की तूच ती थट्टा असल्याचे सांगितले होतेस आणि मी मातीच्या गोळ्याच्या डोक्याचा, मी ते खरे मानले. हा संवाद वर्गात वाचताना मुले हसत असत, आणि हसून झाल्यावर एखादी मुलगी गप्प होत असे.

शाप बाहेरचा आहे, हेही तपासून पाहण्याजोगे आहे. तो मिळतो कशामुळे? प्रियकराच्या ध्यानात बुडाल्यामुळे दारात आलेला अतिथी तिला दिसत नाही. अडचण प्रेमाच्या पोटातूनच निघाली आहे. शिवाय शाप शकुंतलेपासून लपवला जातो तोही मैत्रिणींच्या मायेपोटी. नवमालिकेच्या वेलीवर कढत पाणी कोण ओतेल, असे प्रियंवदा म्हणते. ती हकीकत वेळीच सांगितली असती, तर शकुंतलेने अंगठी डोळ्यांत तेल घालून जपली असती. या नाटकातील सर्वांत मोठी अडचण मला नेहमी दुर्वासांपेक्षा ही माया वाटत आली आहे.

माजघर

वरील प्रतिसाद फार आवडला, तरीही मूळ प्रश्नातील ‘सवलत’ या शब्दाशी माझे पटत नाही. बाहेरची अडचण दाखवणारा लेखक प्रेमिकांना सोडवतो, असे म्हणण्यासाठी मुळात त्या प्रेमिकांच्या हातात निवड होती असे गृहीत धरावे लागते. ज्यांच्या हातात काहीच नव्हते, त्यांच्या दुःखात आतले पेच शोधत बसणे मला निर्दयपणाचे वाटते.

हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ घ्या. १८९० साली सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून ती क्रमशः आली. यमू आणि रघुनाथराव यांच्यात जे उगवते, ते मराठी कादंबरीतील पहिले विश्वासार्ह दांपत्यप्रेम आहे, असे मी तरी मानते. ज्या घरात वडीलधाऱ्यांसमोर नवराबायकोने एकमेकांशी बोलणे हाही उद्धटपणा, तिथे तो तिला वाचायला शिकवतो. पुढे मुंबईला बिऱ्हाड केल्यावर त्यांना थोडा मोकळा काळ मिळतो आणि ती पाने वाचताना पुढे काय होणार हे ठाऊक असूनही वाचकाचा जीव हलका होतो. नंतर तो मरतो आणि शंकरमामंजींच्या कारभारात यमूचे केशवपन होते. इथे प्रेमात कोणता आतला दोष होता? कोणताही नव्हता. हरिभाऊंनी शंकरमामंजी उभे केले ते यमूला सवलत म्हणून नव्हे. तशी माणसे घरोघर होती. आतली गुंतागुंत ही गोष्ट साहित्यात यायला आधी मनुष्याला स्वतःची खोली, स्वतःचे थोडे पैसे आणि संध्याकाळी मोकळा एक तास मिळावा लागतो.

मात्र आतले आणि बाहेरचे यांची गाठ कशी बसते हे पाहायचे असेल, तर कादंबरी बाजूला ठेवून लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचा. १९३४ पासून पुढे ती भागांनी प्रसिद्ध झाली, शेवटचा भाग त्यांच्या मृत्यूनंतर. नाशिकजवळच्या जलालपूरची ही मुलगी अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांच्या घरात आली. टिळक कवी, विद्वान, उदार आणि संसाराच्या दृष्टीने अगदी बेभरवशाचे. न सांगता घरातून निघून जाणे हा त्यांचा स्वभावच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि एका दिवसात हे दांपत्य दोन समाजांत विभागले गेले. नवरा जिवंत आहे, त्याचे पत्र येते, त्याचा जीव तिच्यात आहे आणि तिचाही त्याच्यात आहे. परंतु त्याच्या हातचे पाणी चालत नाही. दुसरी बाई नाही, मारहाण नाही, फसवणूक नाही. या प्रेमात तिसरा कोणी असलाच, तर तो देव आहे.

यात बाहेरचे काय आणि आतले काय, हे कोणी मला वेगळे करून दाखवावे. जात बाहेरची खरी, परंतु सोवळे तर लक्ष्मीबाईंच्या हाडीमाशी भिनलेले होते. ते कोणी बाहेरून त्यांच्यावर टाकलेले नव्हते. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या नवऱ्याकडे परत आल्या तेव्हा आपला धर्म आणि आपली वेगळी चूल घेऊन आल्या. मतपरिवर्तन त्यांचे त्यांनी, त्यांच्या गतीने केले आणि १९०० साली स्वतः बाप्तिस्मा घेतला. क्रम महत्त्वाचा आहे: त्या आधी माणसाकडे आल्या आणि त्याच्या श्रद्धेकडे नंतर. आणि हे सगळे त्यांनी लिहिले आहे ते हसत, स्वतःची फजिती सांगत, कुठेही टाहो न फोडता. आमच्या घरी हे पुस्तक आजीच्या उशाशी असे. ते विनोदी पुस्तक आहे अशी माझी बरीच वर्षे समजूत होती, कारण ते वाचताना आजी मोठ्याने हसत असे.

गोदातीर

माजघर, ‘सवलत’ हा शब्द मी मागे घेतो, निदान यमूच्या बाबतीत तरी. व्यासांच्या शकुंतलेबद्दल विचार करताना माझ्या डोळ्यांसमोर दुष्यंत होता, म्हणजे ज्याच्या हातात सर्व काही होते तो पुरुष. प्रश्न आता असा विचारतो: ज्याच्या हातात निवड होती आणि तरीही ज्याने प्रेमाचा घात केला, अशा माणसाला कोणत्या लेखकाने आडोसा दिलेला नाही?

पानगळ

थोडक्यात लिहितो. याच आदिपर्वात, आपला गट थोडा पुढे गेला की, कच-देवयानी आणि ययाति येतील. तिथे शाप आहेत, परंतु ते बाहेरच्या कोणा अतिथीने दिलेले नाहीत. कच देवयानीला नाकारतो, कारण शुक्राचार्यांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, पोटातून पुनर्जन्म झाल्यामुळे ती त्याला बहिणीसारखी झाली आहे. ती त्याला शाप देते की तुझी विद्या तुला फळणार नाही, तो तिला देतो की कोणताही ऋषिपुत्र तुझे पाणिग्रहण करणार नाही. ज्यांनी एकमेकांना जपले, तेच एकमेकांना शाप देतात. घटस्फोटाच्या कज्ज्यांत याहून निराळे काही घडत नाही, असे एका वकील मित्राचे म्हणणे आहे.

खांडेकरांनी १९५९ च्या ‘ययाति’मध्ये ही कथा ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा यांच्या तोंडून आळीपाळीने सांगितली. कादंबरीला ज्ञानपीठ मिळाले, ती घरोघर पोहोचली, तरी कचाच्या तोंडची प्रवचने मला आज वाचवत नाहीत. देवयानीची पाने मात्र टिकली आहेत. बाहेरून पाहताना जी स्त्री केवळ गर्विष्ठ दिसते, ती स्वतः बोलू लागली की तिचा दुखावलेपणा कळतो, आणि कळूनही ती आवडत नाही. लेखकाने तिला आडोसा दिला नाही, संधी दिली.

मला सर्वांत झोंबलेले रूप गिरीश कार्नाडांचे आहे. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कन्नड ‘ययाति’ नाटकात ययातीचा मुलगा पुरू याला चित्रलेखा नावाची पत्नी आहे. बापाचे वार्धक्य मुलाने स्वीकारले, हे पुराणात त्यागाचे उदाहरण. परंतु त्या मुलाच्या नवपरिणीत बायकोने त्या रात्री काय करायचे, हे पुराणांत कोणी विचारले नव्हते. ती आत्महत्या करते. एकाच्या वासनेची किंमत जिने काहीच घेतले नव्हते अशा तिसरीने मोजायची, हा हिशेब कार्नाडांनी वयाच्या विशीत मांडला, याचे मला अजूनही आश्चर्य वाटते.

पैनगंगा

गोदातीर यांनी दुसऱ्यांदा विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आमच्या विदर्भात आहे, असे गमतीने पण खात्रीने म्हणतो. भवभूतीने स्वतःचे मूळ गाव म्हणून विदर्भातील पद्मपुराचे नाव दिले आहे. त्याच्या ‘उत्तररामचरिता’त शाप नाही, विस्मरण नाही, गैरसमजही नाही. पहिल्या अंकात राम आणि सीता आपल्या वनवासाची चित्रे पाहतात, ती थकते आणि त्याच्या बाहूवर डोके ठेवून झोपी जाते. दुर्मुख नावाचा हेर लोकापवाद घेऊन येतो तेव्हा ती त्याच बाहूवर निजलेली आहे. राम सर्व जाणतो, ती निष्कलंक आहे हे त्याला ठाऊक आहे, त्याचे तिच्यावरील प्रेम तसूभरही कमी झालेले नाही, आणि तरीही तो तिला टाकण्याचा निर्णय घेऊन तिच्या डोक्याखालचा हात अलगद काढून घेतो. संस्कृत नाटकांत याहून भयंकर प्रसंग मला ठाऊक नाही, आणि त्यात रक्ताचा एक थेंबही नाही.

तिसऱ्या अंकाला ‘छाया’ असे नाव आहे. बारा वर्षे लोटली आहेत. शंबूकाचा वध करून (त्या वधाचा प्रश्न फार मोठा आहे, तो इथे उघडत नाही) राम जनस्थानात, पंचवटीत, गोदावरीच्या परिसरात येतो. सीता तिथेच आहे, परंतु भागीरथीच्या प्रभावाने कोणालाही दिसत नाही. वनदेवता वासंती रामाला जुन्या जागा दाखवू लागते आणि मग तिच्या तोंडून त्याचेच शब्द निघतात: तू माझे जीवित, तू माझे दुसरे हृदय, तू डोळ्यांना चांदणे, अंगाला अमृत, अशा शेकडो गोड बोलांनी त्या भोळीला भुलवून तिलाच... आणि वासंती थांबते. ‘पुढचे कशाला बोलायचे’ म्हणून वाक्य अर्धेच टाकते. नंतर ती विचारते, असे का केलेस? लोकांना सहन होत नाही, असे तो म्हणतो. त्यावर ती म्हणते, कठोर माणसा, तुला यश प्रिय आहे म्हणतात, मग याहून घोर अपयश ते कोणते?

आता गंमत पाहा. अदृश्य सीता हे ऐकते आणि वासंतीवर रागावते, की तूच कठोर आहेस, त्याला आणखी का जाळतेस? राम मूर्च्छित पडतो तेव्हा तिच्याच स्पर्शाने तो शुद्धीवर येतो. तो तिचा हात धरतो, हात निसटतो, आणि आपण वेडे झालो आहोत असे त्याला वाटते. पुढे अश्वमेधात सहधर्मचारिणी म्हणून रामाने सीतेची सुवर्णप्रतिमा ठेवली आहे, हे कळल्यावर ती म्हणते, की परित्यागाचे शल्य आज उपटले गेले.

ती एवढ्यावर समाधान का मानते, याचा मला पूर्वी राग येत असे. आता वाटते, भवभूतीने रामाची वकिली कुठेच केलेली नाही. आरोप वासंतीकडून पूर्ण मांडून घेतला आहे, त्यावर रामाला उत्तर दिलेले नाही, आणि क्षमा मात्र सीतेच्या हाती सोपवली आहे, तीही राम ती ऐकू शकणार नाही अशा जागी. शेवटी भवभूती दोघांची भेट घडवून आणतो, वाल्मीकींची सीता भूमीत जाते हे ठाऊक असून. म्हणजे त्यानेही कथा बदललीच. परंतु कालिदासाने कारण बदलले आणि भवभूतीने शेवट बदलला; अपराधाला त्याने हात लावला नाही.

रात्रपाळी

मी संस्कृत शिकलेलो नाही, त्यामुळे वरचे सर्व अनुवादांच्या आधारे समजून घेतो आहे. माझी उदाहरणे दुसरीकडची आहेत.

टॉलस्टॉयच्या ‘अॅना कॅरेनिना’मधील अॅनाचा बळी समाजाने घेतला, असे सर्रास लिहिले जाते. तिच्यासाठी दरवाजे बंद होतात आणि तिचा प्रियकर व्रॉन्स्की याच्यासाठी ते उघडे राहतात, हे खरेच आहे. तथापि चौथ्या भागाच्या अखेरीस तिचा नवरा कॅरेनिन घटस्फोट द्यायला तयार झालेला असतो, आणि तो न घेताच, किंबहुना ठामपणे नाकारून, ती व्रॉन्स्कीबरोबर परदेशी निघून जाते. पुढे तिला तो हवा असतो तेव्हा कॅरेनिन एका भोंदू दिव्यदृष्टीवाल्याच्या सल्ल्याने नकार देतो. वाचक त्या भोंदूवर चिडतो, पण चौथ्या भागातल्या नकाराचे काय, हा प्रश्न टॉलस्टॉय आपल्या गळ्यात बांधून ठेवतो. मुलगा तुटेल ही भीती होती का, नवऱ्याचे औदार्य सहन झाले नाही का, की दोन्ही? तो सांगत नाही.

चेखव्हची १८९९ मधील ‘कुत्रेवाली बाई’ तर याहून पुढे जाते. याल्टाला भेटलेली दोन विवाहित माणसे. आरंभी गुरोव्हच्या लेखी हे प्रकरण म्हणजे सुट्टीतील नेहमीची करमणूक, आणि मग केस पांढरे होऊ लागलेल्या वयात आपण पहिल्यांदाच खरोखर प्रेम करत आहोत, हे त्याला कळते. कोणी पाठलाग करत नाही, कोणी विष घेत नाही. शेवटी दोघे मॉस्कोच्या हॉटेलातील खोलीत बसून मार्ग शोधत असतात आणि सर्वांत कठीण भाग आता कुठे सुरू होतो आहे, असे म्हणून चेखव्ह कथा संपवतो.

मराठीत माझ्या पिढीसाठी हे काम सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ने केले. २००६ ची ही लहानशी कादंबरी. एकाच घरातील भाऊ तनय आणि बहीण अनुजा, दोघेही घरात पेइंग गेस्ट म्हणून आलेल्या एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात. त्या तरुणाला लेखकाने नावच दिलेले नाही. आधी तनयचे निवेदन, मग अनुजाचे. कलम ३७७ तेव्हा लागू होते. प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना त्यातून सर्वोच्च न्यायालयाने वगळले ते सप्टेंबर २०१८ मध्ये. लेखकाला कायदा, पोलीस, मारहाण असा कोणताही बाहेरचा खलनायक सहज मिळाला असता. त्याने तो घेतला नाही. तो तरुण अनुजाबरोबर निघून जातो, पुढे तिलाही सोडून जातो, आणि का गेला हे दोघांनाही कळत नाही. घरच्यांना अनुजाचे दुःख दिसते, तिच्यासाठी धावपळ होते. तनयचे दुःख मात्र त्याच घरात, त्याच जेवणाच्या टेबलाशी बसलेले असून कोणाच्या लक्षात येत नाही. माजघर यांनी स्वतःच्या खोलीचा मुद्दा मांडला तो मला इथे आठवला. तनयला खोली आहे, पैसे आहेत, वेळही आहे. शोक करायला परवानगी तेवढी नाही. ही अडचण आत मोजायची की बाहेर?

जुनी_टिपणवही

चर्चा इतकी जड झाली आहे म्हणून एक हलके पान मध्ये ठेवतो. हालाच्या ‘गाथा सप्तशती’त, म्हणजे आपल्या महाराष्ट्री प्राकृतात, एक गाथा आहे. वाटसरू पाणपोईवर ओंजळीने पाणी पितो आहे, डोळे मात्र वर, पाणी घालणाऱ्या मुलीकडे. पाणी लवकर संपू नये म्हणून तो बोटे विरळ करतो आणि ते गळू देतो. ते पाहून तीही धार बारीक करते, मग आणखी बारीक. गाथा इथेच संपते. शाप नाही, घराणे नाही, पुढे काय झाले तेही नाही.

आणि गोदातीर, एक विनंती. गटात आदिपर्व पुढे नेण्यापूर्वी शाकुंतलाचा सातवा अंक सर्वांनी मिळून वाचा. शापाची हकीकत शकुंतलेला नेमकी केव्हा कळते, त्या जागेवर बोट ठेवा.

गोदातीर

आज वाचला. आपल्या सूचनेप्रमाणे जागेवर बोट ठेवले आणि माझ्या मूळ प्रश्नाची निम्मी हवा गेली.

शापाचे मला वाटत आले होते ते असे, की तो कळल्यामुळे शकुंतला राजाला क्षमा करते. नाटकात तसे नाही. मारीच ऋषींच्या आश्रमात राजा समोर येतो तेव्हा तिला शापाचा पत्ताही नाही. तिच्या दृष्टीने हा तोच माणूस आहे ज्याने तिला भरसभेत नाकारले. मुलगा विचारतो, आई, हा कोण? ती त्याला म्हणते, बाळा, आपल्या नशिबाला विचार. राजा तिच्या पायांवर पडतो आणि ती त्याला उठवते, दोष आपल्या पूर्वकर्मांवर घेते. शापाची गोष्ट मारीच सांगतात ती यानंतर. ‘आर्यपुत्रांनी मला अकारण टाकले नव्हते’ हा तिचा सुटकेचा उद्गार तेव्हाचा आहे, म्हणजे स्वीकार आधीच होऊन गेलेला आहे. पैनगंगा, तुमची सुवर्णप्रतिमेची जागा मला इथे आठवली. दोघींनाही कारण मिळते ते उशिरा, आणि कारण मिळेपर्यंत दोघी थांबलेल्या नाहीत.

गटातील एका काकूंना हे मुळीच पटले नाही. व्यासांची शकुंतला त्यांना अधिक स्वाभिमानी वाटते आणि पूर्वकर्माला दोष देणारी ही बाई पाहून त्यांचा जीव तळमळतो, असे त्या म्हणाल्या. त्यांना उत्तर देणे मला जमले नाही. मात्र पुढच्या तीन ओळी मी त्यांना पुन्हा वाचून दाखवल्या. पायांवरून उठल्यावर राजाच्या बोटातील अंगठी शकुंतलेला दिसते. तो म्हणतो, ही मिळाल्यामुळेच तर मला आठवण झाली, आणि मग ती तिने पुन्हा घालावी म्हणून पुढे करतो. शकुंतला ती घेत नाही. माझा हिच्यावर विश्वास नाही, ती म्हणते, आर्यपुत्रांनीच ती वापरावी.

काकूंनी पुस्तक माझ्या हातातून घेतले आणि त्या ओळी स्वतः एकदा वाचून पाहिल्या.